अंश आणि अंमल

एकतीस डिसेंबरच्या रात्रीची नाकाबंदी. पहिला चालक काच खाली करतो, फुंक मारतो, यंत्रावर 46 हा आकडा येतो. त्याला खाली उतरवतात, गाडी बाजूला लागते, कागद सुरू होतात. त्याच्या मागून दुसरा येतो. तोही फुंक मारतो. यंत्रावर शून्य. पण डोळे तांबारलेले, जीभ जड, नाव विचारल्यावर उत्तर यायला वेळ लागतो, आणि आलेले उत्तर मध्येच कुठेतरी हरवते. हवालदाराची वीस वर्षांची नोकरी त्याला सांगत असते की हा माणूस ठिकाणावर नाही. हातातल्या यंत्राला मात्र फक्त दारू कळते. शून्य म्हणजे शून्य. गाडी पुढे जाते.

हे दोघे माझ्या कल्पनेतले आहेत. पण असा दुसरा चालक आपल्या रस्त्यांवर रोज असतो, हे सांगायला कल्पना लागत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यापासून दिल्लीपर्यंत माग काढत दीड हजार किलोहून अधिक मेफेड्रोन पकडले. आपल्याकडे त्याला नुसते एमडी म्हणतात. इतका माल बनतो तो कोणीतरी घेते, आणि घेणाऱ्यांतले काही जण गाडी चालवतात.

यावर कोणालाही पहिल्यांदा सुचते ते उत्तर सरळ आहे: दारूचे यंत्र आहे तसे गांजाचे, एमडीचे यंत्र आणा. अशी यंत्रे आहेतही. जिभेखालची किंवा गालाच्या आतली लाळ घ्यायची, पट्टीवर टाकायची, काही मिनिटांत रेघ उमटते. मला या उत्तराची भीती वाटते, आणि तिचे कारण आपल्या भाषेतल्या दोन शब्दांत सापडते. ती पट्टी सांगते तो अंश. कायदा विचारतो तो अंमल. माणसाच्या शरीरात एखाद्या पदार्थाचा अंश असणे आणि त्या पदार्थाचा त्याच्यावर अंमल असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दारूच्या बाबतीत त्या जवळजवळ एकत्र चालतात, म्हणून आपण त्यांतला फरक विसरून गेलो आहोत.

दारूत ही गाठ बसली कशी, ते आधी पाहायला हवे. अल्कोहोल पाण्यात विरघळते आणि शरीरात जिथे जिथे पाणी आहे तिथे सारखे पसरते. मेंदूला रक्त भरपूर, म्हणून रक्तात जेवढे तेवढे लवकरच मेंदूत. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात एरिक विडमार्क यांनी 1920 च्या दशकात बोटाच्या टोकातून काढलेल्या रक्ताच्या थेंबांवर हे मोजायची पद्धत बसवली. रक्तातली दारू ठरावीक गतीने उतरते, हेही त्यांनी दाखवले. ही गती माणसागणिक कमीजास्त होते, पण साधारण धरायची तर 100 मिलीलीटर रक्तामागे तासाला 15 मिलिग्रॅम. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे. 1954 मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी श्वासावरून रक्तातली दारू काढणारे यंत्र बनवले. फुप्फुसाच्या तळातून आलेल्या 2,100 मिलीलीटर हवेत जेवढे अल्कोहोल तेवढेच 1 मिलीलीटर रक्तात, हे त्यामागचे गणित. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मधला 30 मिलिग्रॅमचा आकडा रक्ताचा आहे. नाकाबंदीवरचे यंत्र तो श्वासावरून हिशेबाने काढते. म्हणूनच द्राक्षासव किंवा एखादे अरिष्ट नुकतेच घेतलेल्या माणसाला लगेच फुंकायला लावू नये. तोंडात रेंगाळलेली वाफ यंत्राला फसवते. पंधरा मिनिटे थांबले की ती जाते.

पण केवळ मोजता येते म्हणून दारूचा आकडा विश्वासाचा झाला नाही. त्याला विश्वास मिळवून दिला मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स या गावाने. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला बोर्कनस्टाइन यांच्या चमूने तिथे अपघात झालेल्या जवळपास सहा हजार चालकांची तपासणी केली. आणि मग त्यांनी ते काम केले ज्याच्यासाठी मला त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटतात: त्याच गावात, तशाच ठिकाणी, तशाच वेळी, अपघात न होता सुखरूप चाललेल्या साडेसात हजारांहून अधिक चालकांचीही तपासणी केली. दोन्ही रांगा शेजारीशेजारी ठेवल्यावर दिसले की रक्तातली दारू जसजशी वाढते तसतसा अपघाताचा धोका वाढतो, आणि एका टप्प्यानंतर फार वेगाने वाढतो. 1964 चा तो अहवाल नंतर देशोदेशींच्या कायद्यांचा पाया झाला. अपघातात सापडलेल्यांपैकी इतक्यांच्या रक्तात अमुक होते, एवढेच सांगितले तर ते अर्धेच वाक्य होते. सुखरूप घरी पोहोचलेल्यांच्या रक्तातही ते तितकेच असेल तर? हा प्रश्न विचारल्याशिवाय कोणत्याही पदार्थाला दोषी ठरवता येत नाही. दुर्दैवाने आपल्याकडे बातम्यांत आणि पुष्कळदा चर्चांतही पहिली रांगच फक्त मोजली जाते.

गांजाकडे वळलो की ही गाठ सुटते. गांजातले मुख्य रसायन टीएचसी. ते पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळते. चिलमीचा किंवा सिगारेटचा झुरका घेतला की काही मिनिटांत रक्तातले प्रमाण शिखर गाठते आणि लगेच कोसळू लागते, कारण रसायन रक्त सोडून मेंदूत आणि चरबीत जाऊन बसते. गुंगी मात्र रक्तातले शिखर उलटून गेल्यावर भरात येते आणि काही तास टिकते. म्हणजे दोन तासांनी घेतलेल्या रक्तात फारसे काही न सापडणारा माणूस त्या दोन तासांत रस्त्यावर धोकादायक असू शकतो. उलट, वर्षानुवर्षे रोज ओढणाऱ्याच्या चरबीतून हे रसायन थोडे थोडे पाझरत राहते. त्याने चार-सहा दिवस काहीही घेतले नसले तरी रक्तात ते सापडते. एकाच आकड्याखाली गुंगीत असलेला सुटतो आणि शुद्धीत असलेला अडकतो.

होळीला आणि महाशिवरात्रीला भांग पिणाऱ्यांचा हिशेब आणखी वेगळा. पोटातून गेलेले टीएचसी सावकाश चढते. तास-दोन तास काहीच झाले नाही असे वाटते, म्हणून माणूस गाडी काढतो, आणि वाटेत अंमल चढतो. रक्तातले शिखर मात्र ओढणाऱ्याच्या मानाने कितीतरी बुटके असते. शिवाय भांग, म्हणजे त्या झाडाची पाने, आपल्या 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत बसत नाही. कायद्याच्या एका पुस्तकात निषिद्ध नसलेली वस्तू दुसऱ्या पुस्तकात गाडी चालवण्यास अपात्र ठरवू शकते, आणि रक्त या दोन पुस्तकांतला भेद जाणत नाही.

लघवीची गोष्ट तर त्याहून दूरची. टीएचसी मोडून तयार होणारा जो अवशेष लघवीत मिळतो, त्याला गुंगी आणण्याची ताकदच नसते, आणि नेहमी घेणाऱ्याच्या लघवीत तो कित्येक आठवडे सापडतो. रस्त्यावरच्या गुन्ह्यासाठी लघवीचा अहवाल पुढे करणे म्हणजे परसातली राख दाखवून आत्ता चूल पेटलेली आहे असे म्हणणे. आणि अंशावर भरवसा ठेवण्याचा धोका घरगुती उदाहरणाने सांगायचा तर दिवाळीतले अनारसे आहेत. खसखस अफूच्या बोंडातलीच. भरपूर खसखस खाल्लेल्या माणसाच्या लघवीत मॉर्फिनचा अंश खरोखर सापडू शकतो. अमेरिकेत सरकारी नोकरांच्या तपासणीत असे निरपराध लोक अडकू लागले, तेव्हा तिथल्या सरकारने 1998 मध्ये अफूजन्य पदार्थांची लघवीतली मर्यादा मिलीलीटरला 300 नॅनोग्रॅमवरून थेट 2,000 वर नेली.

मग जगाने काय केले? बहुतेकांनी आकडा घातला. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने 2012 मध्ये गांजा मोकळा करताना रक्तातल्या टीएचसीला मिलीलीटरमागे 5 नॅनोग्रॅमची रेघ आखली. ब्रिटनने मार्च 2015 पासून 2 ची. जर्मनी कितीतरी वर्षे 1 वर होता; ऑगस्ट 2024 मध्ये त्याने ती 3.5 वर नेली. जर्मनी मोजतो रक्तद्रवात, इतर मोजतात पूर्ण रक्तात, म्हणून हे आकडे एकमेकांशेजारी ठेवतानाही सावध राहावे लागते. पण मुद्दा असा की एका रात्रीत जर्मन चालकांचे मेंदू बदलले नव्हते. बदलला तो समाजाचा निर्णय. त्या निर्णयाला माझा विरोध नाही. समाजाने निर्णय घ्यायचेच असतात. माझी तक्रार आहे ती असा निर्णय विज्ञानाच्या अंगरख्यात न्यायालयात उभा राहतो याबद्दल. 5 हा आकडा ऐकताना न्यायाधीशाच्या मनात दारूचा 30 असतो. एकामागे ग्रँड रॅपिड्सच्या दोन रांगा आहेत. दुसऱ्यामागे तशा रांगा लावून पाहिल्या, तर उत्तर डगमगले. व्हर्जिनिया बीचमध्ये तशाच पद्धतीने तीन हजारांहून अधिक अपघातग्रस्त चालक आणि सहा हजारांवर इतर चालक तपासले गेले. 2015 मध्ये आलेल्या निष्कर्षात, वय, लिंग आणि दारू यांचा वाटा बाजूला काढल्यावर टीएचसीमुळे वाढलेला धोका ठामपणे दाखवता आला नाही. दुसरीकडे, अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या काही हिशेबांत धोका जवळजवळ दुप्पट दिसतो, आणि गांजावर दारू पडली की तो नक्की वाढतो. वाद मिटलेला नाही. गांजा ओढून गाडी चालवणे सुरक्षित आहे असे म्हणणारा माणूस मूर्ख आहे. पण रक्तातला एक आकडा पाहून अमुक माणूस त्या घटकेला गुंगीत होता असे छातीठोकपणे सांगणाराही शास्त्रज्ञ नव्हे.

इथे कोणीतरी उठून विचारेल, आणि विचारायलाच हवे: तुमच्या या सूक्ष्मतेचा फायदा कोणाला? फुटपाथवर चिरडलेल्या माणसाच्या बायकोला अंश आणि अंमल यांच्याशी काय देणेघेणे? ब्रिटनने 2015 मध्ये आकडा आणला तो याच कारणाने. त्याआधी गुंगी सिद्ध करावी लागे, आणि ती सिद्ध करणे इतके जड जाई की दोषी सुटत. बेकायदा पदार्थ घेऊन चाकामागे बसलास, तिथेच तुझा गुन्हा पूर्ण झाला, ही भूमिका समजण्यासारखी आहे. मला ती पटत नाही ती दोन कारणांनी. एक तर ती रस्त्याचा कायदा नावापुरती ठेवते आणि प्रत्यक्षात अंमली पदार्थांचाच कायदा दुसऱ्यांदा लावते. शनिवारच्या झुरक्याची शिक्षा मंगळवारच्या शुद्धीतल्या प्रवासाला होते. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. अशा कायद्यात पकडायला सोपी ती माणसे सापडतात, आणि रस्त्यावर माणसे मारणाऱ्या खऱ्या गुंग्या सुटून जातात. सर्दीची जुनी गोळी घेऊन पेंगणारा टेम्पोवाला, झोपेची गोळी पूर्ण उतरण्याआधी पहाटे निघालेला व्यापारी, सलग अठरा तास चाक धरून डोळे उघडे राहावेत म्हणून काहीतरी घेणारा आणि ते उतरले की झोपेच्या खाईत कोसळणारा ट्रक ड्रायव्हर. यांतल्या शेवटच्या माणसाच्या रक्तात उत्तेजक द्रव्य अपघाताच्या वेळी उतरणीला लागलेले असते. आकडा लहान, धोका सगळ्यांत मोठा.

गंमत अशी नव्हे, तर खेदाची गोष्ट अशी की आपल्या कायद्याने योग्य प्रश्न 1988 मध्येच विचारून ठेवला आहे. कलम 185 चे दोन भाग आहेत. दारूसाठी आकडा आहे. इतर पदार्थांसाठी आकडा नाही. तिथे शब्द आहेत की वाहनावर नीट ताबा ठेवण्यास असमर्थ होईल इतका अंमल असला पाहिजे. शास्त्र आज ज्या जागी येऊन पोहोचले, तिथे हे वाक्य आधीच उभे आहे. फक्त त्याला उत्तर देण्याची साधने आपण पोलिसाला दिली नाहीत. कलम 204 प्रमाणे रक्त मागता येते ते श्वासाच्या यंत्राने दारू दाखवली तर, किंवा चालकाने फुंकायला नकार दिला तर. म्हणजे आपला तो दुसरा चालक, निमूटपणे फुंकून शून्य दाखवणारा, या वाटेवर येतच नाही. त्याच्यासाठी फौजदारी प्रक्रियेतली आरोपीच्या वैद्यकीय तपासणीची सर्वसाधारण तरतूद शोधावी लागते, आणि मध्यरात्री नाक्यावर ती कोणी शोधत बसत नाही. त्याच कलम 185 ला जोडलेल्या स्पष्टीकरणात 2019 च्या दुरुस्तीपर्यंत केंद्र सरकारला असाही अधिकार होता की राजपत्रात पदार्थांची यादी जाहीर करावी. त्या यादीतला पदार्थ घेतलेला माणूस असमर्थच मानला गेला असता. माझी भीती या वाटेवर परतण्याची आहे. यादी काढायची, लाळेच्या पट्ट्यांची निविदा काढायची, आणि अंशालाच अंमल म्हणायचे. असे झाले तर 1988 चे शहाणपण आपण एका फटक्यात गमावू.

या पट्ट्यांचीही एक कहाणी सांगितली पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने डिसेंबर 2004 मध्ये रस्त्यावर कोणालाही थांबवून लाळ तपासायला सुरुवात केली. जगात अशी ती पहिलीच मोहीम. पहिल्याच दिवशी एक व्हॅनचालक दोषी निघाला. कॅमेरे तिथेच होते. त्याचा चेहरा देशभर दिसला. नंतर प्रयोगशाळेने तपासले तेव्हा त्याच्या लाळेत गांजा नव्हता. पट्टी ही प्राथमिक चाळणी असते. तिच्यातली प्रतिद्रव्ये एका आकाराचे रेणू पकडतात, आणि तशा आकाराचे निरुपद्रवी रेणूही कधी पकडतात. उलटेही होते: अॅम्फेटामाइनसाठी बनवलेली पट्टी आपल्याकडचे एमडी बहुधा ओळखत नाही. खात्री हवी तर नमुना प्रयोगशाळेत जावा लागतो, रेणूंना वजनानुसार वेगळे करणाऱ्या यंत्रावर.

मग अंमल ओळखायचा कसा? माणसाने माणसाकडे पाहून. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी 1970 च्या दशकात यासाठी पद्धत बसवली: नाडी, बाहुल्यांचा आकार, नजर स्थिर ठेवता येते का, सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालता येते का, एका पायावर उभे राहता येते का. आपल्या दवाखान्यात केसपेपरवर डॉक्टर लिहितात ते याचेच थोडक्यातले रूप: श्वासाला वास, चाल अस्थिर, बोलणे असंबद्ध, बाहुल्या विस्फारलेल्या. याच चार गोष्टींवर सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात बोट ठेवले होते. एवढ्यावरून माणसाने दारू प्यायली होती असा निष्कर्ष काढता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. रक्ताची तपासणी का केली नाही, हा त्यातला खरा प्रश्न होता.

न्यायालयाची ती सावधगिरी किती रास्त होती ते पन्नास वर्षांनी सॅन डिएगोत दिसले. नेहमी गांजा घेणाऱ्या 184 जणांना सिगारेटी दिल्या गेल्या. काहींत टीएचसी होते, काहींत नव्हते. कोणाला कोणती मिळाली हे तपासणाऱ्या प्रशिक्षित पोलीस अधिकाऱ्यांना माहीत नव्हते. 2023 मध्ये छापलेल्या निकालाप्रमाणे टीएचसी घेतलेल्यांपैकी 81 टक्के त्यांनी गुंगीत असल्याचे ठरवले. हे चांगले. पण नुसता पाला ओढलेल्यांपैकीही 49 टक्के त्यांनी गुंगीतच ठरवले. एका पायावर उभे राहता न येणारे लोक जगात पुष्कळ असतात, आणि पोलिसासमोर तर आणखी.

म्हणजे रक्त एकटे पुरत नाही, आणि डोळेही एकटे पुरत नाहीत. दोन्ही एकत्र हवेत: त्या वेळी त्या माणसाची गाडी कशी चालली, शरीर कसे वागले याची ठरावीक तक्त्यात, शक्यतो चित्रफितीसह केलेली नोंद, आणि त्याच तासात घेतलेले रक्त. एकाने दुसऱ्याला आधार द्यायचा आणि एकाने दुसऱ्याची चूक पकडायची. यात त्याच तासात हे शब्द मी जपून वापरतो आहे, कारण आपल्याकडची खरी लढाई रसायनशास्त्राची नाहीच. ती घड्याळाची आणि कुपीची आहे.

वांद्र्याच्याच दोन घटना घ्या. नोव्हेंबर 2006 मध्ये कार्टर रोडवर पहाटे एका गाडीने फुटपाथवर झोपलेल्या मजुरांना चिरडले. सात जण गेले. चालकाच्या रक्तात 100 मिलीलीटरला 112 मिलिग्रॅम दारू सापडली, आणि सर्वोच्च न्यायालयात 2012 मध्ये सदोष मनुष्यवधाची शिक्षा टिकली. त्याआधी सप्टेंबर 2002 मध्ये हिल रोडवर फुटपाथवरच झोपलेला एक माणूस गेला, चार जखमी झाले. त्या खटल्यातही रक्ताचा अहवाल होता: 62 मिलिग्रॅम. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2015 मध्ये आरोपीला निर्दोष सोडले, आणि सोडताना ज्या गोष्टींवर प्रश्न उपस्थित केले त्यांत ही कुपी होती. डॉक्टरांनी 6 मिलीलीटर रक्त काढल्याचे सांगितले, विश्लेषकाकडे पोहोचले 4. मधल्या काळात नमुना कुठे, कसा, कोणाच्या ताब्यात होता? त्या दोन मिलीलीटरमध्ये काय सत्य होते, ते आता कोणालाच कळणार नाही. ना आरोपीला, ना मेलेल्याच्या घरच्यांना.

हे नियम नव्हते म्हणून झाले असे नाही. दारूबंदी कायद्याखाली रक्त कसे घ्यावे याचे नियम आपल्याकडे 1959 पासून आहेत. किमान 5 घनसेंटिमीटर रक्त, रक्त गोठू न देणारा आणि टिकवणारा क्षार घातलेली कुपी, त्वचा पुसायला स्पिरिट मुळीच नको, सील, सात दिवसांत रवानगी. सोडियम फ्लोराइडची ती चिमूट साधी वाटते, पण ती नसली तर कुपीतले जंतू साखरेपासून नवी दारू बनवू शकतात किंवा असलेली खाऊन टाकू शकतात. निरपराध अडकतो किंवा अपराधी सुटतो, आणि दोन्ही वेळा अहवालावर शिक्का एकसारखाच असतो.

आता तो तासाला 15 मिलिग्रॅमचा हिशेब काढू. पुण्यात कल्याणीनगरला 19 मे 2024 रोजी दोन तरुण अभियंते गेले, तो अपघात पहाटे अडीचच्या सुमाराचा. अल्पवयीन चालकाचे रक्त घेतल्याची वेळ सकाळी अकराच्या आसपासची. साडेआठ तास. कोणत्याही चालकाचे रक्त इतक्या उशिरा घेतले तर मधल्या वेळात साधारण 127 मिलिग्रॅम दारू उतरून गेलेली असते, म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या चौपट दारू प्यायलेला माणूसही कोरा निघू शकतो. त्या प्रकरणात तर वेळेचीही गरज राहिली नाही: तिथे नमुनाच बदलला गेला असा पोलिसांचा आरोप आहे, डीएनए तपासणीत ते रक्त त्या मुलाचे नसल्याचे निघाले, आणि डॉक्टरांनाच अटक झाली. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. दोनच महिन्यांत, 7 जुलैला, वरळीत एका गाडीने दुचाकीवरच्या स्त्रीला फरपटत नेले. संशयित चालक सापडला दोन दिवसांनी. त्याच्या रक्तात दारू मिळाली नाही. दोन दिवसांनी कोणाच्याच रक्तात मिळाली नसती. पळून जाण्याला आपल्या पद्धतीत असे बक्षीस आहे, आणि पैसेवाल्यांना ते ठाऊक आहे.

प्रयोगशाळाही या साखळीची एक कडी आहे, तिच्याबाहेर नाही. इंग्लंडमध्ये 2017 साली उघड झाले की मँचेस्टरच्या एका खासगी प्रयोगशाळेत विषविज्ञानाच्या चाचण्यांच्या गुणवत्तेचे आकडे फिरवले गेले होते. दहा हजारांहून अधिक प्रकरणे संशयाखाली आली. त्यांतली तीन चतुर्थांश वाहतुकीची, मुख्यतः औषधे किंवा अंमली पदार्थ घेऊन गाडी चालवल्याची. शिक्षा रद्द झाल्या, लोकांचे परवाने, नोकऱ्या आधीच गेलेल्या होत्या. जो देश आकड्यावर सगळ्यांत ठामपणे उभा राहिला, तिथेच आकडा देणारा हात संशयित ठरला.

म्हणून आपल्याकडे पैसा कुठे लावायचा असे मला कोणी विचारले, तर मी लाळेच्या पट्टीपाशी जाणार नाही. मी रात्री तीन वाजता ग्रामीण रुग्णालयात एकटा असलेल्या डॉक्टरापाशी जाईन. त्याच्याजवळ फ्लोराइडची, तारीख न उलटलेली कुपी आहे का? नमुन्यासाठी वेगळा फ्रिज आहे का, की तो लसींच्या फ्रिजात कोपरा शोधतो? बाहुल्यांचा आकार लिहायला छापील तक्ता आहे का? कायदा म्हणतो की नशेत गाडी चालवल्याबद्दल अटक केलेल्याची दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर त्याला सोडावे लागेल. मग तालुक्याच्या टोकाला असलेल्या ठाण्याहून रुग्णालयाला जायला लागणारा वेळ त्या दोन तासांत कोणी धरला आहे का? मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेल्या प्रत्येक अपघातात, श्वासाचे यंत्र काहीही दाखवो, रक्त घेण्याची वाट कलम 204 मध्ये उघडा. कुपीवरची प्रत्येक सही वेळेसह नोंदवा. आणि नमुना घेणारा डॉक्टर कोणाच्या फोनला उत्तर देतो, याचीही नोंद राहू द्या.

यातले एक मागणे आरोपीच्या बाजूचे आहे, आणि ते मी तितक्याच जोराने मागतो. ब्रिटनमध्ये रक्त घेतले की त्याचे भाग करतात आणि चालकाने मागितला तर एक भाग सीलबंद करून त्याला देतात. त्याला वाटेल त्या प्रयोगशाळेत त्याने तो तपासून घ्यावा. आपल्या मोटार वाहन कायद्यात असे कलम नाही. ते असते तर 2002 च्या त्या रात्रीचे उत्तर दोन ठिकाणी राहिले असते. मँचेस्टरचे घोटाळे उघडकीला आल्यावर पुन्हा तपासायला घेतलेल्या नमुन्यांपैकी काहींत तपासण्यापुरते रक्तच शिल्लक नव्हते. त्या चालकांनी त्या रात्री काय घेतले होते, घेतले तरी होते का, हे विचारायला आता कुपीत काही नाही.